१२० बाय ४५: छोट्या गेमचं कव्हर

(या विषयावर आम्ही नांदेड आणि लातूर अशा दोन्ही ठिकाणी बोललो. दोन्हीकडचं बोलणं आणि श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न एकत्र करून हे शब्दांकन केलं आहे.)



आजचा विषय ऐकायला छोटा वाटतो. तुमचा गेम तयार झाला, तो दुकानात मांडायचा आहे. दुकान म्हणजे स्टीम, इच डॉट आयओ किंवा गूगल प्ले. तिथं तुमच्या गेमचं जे एक चित्र दिसतं, त्याच्यावर आज बोलायचं आहे. चित्रकला शिकवायला आम्ही आलेलो नाही. ते चित्र काम काय करतं आणि ते नीट व्हावं म्हणून काय बघायचं, एवढंच सांगणार आहोत.

आधी थोडा हिशेब करू. तीन मित्र कॉलेज किंवा नोकरी सांभाळून दोन वर्षं एक गेम बनवतात. स्टीमवर एक गेम ठेवायची फी १०० डॉलर, म्हणजे साधारण आठ-नऊ हजार रुपये. ती परत मिळते, पण गेमनं १,००० डॉलरचा धंदा केल्यावर. विक्रीतला सुरुवातीचा ३० टक्के वाटा दुकानाचा. आपल्याकडं प्रकाशक नसतो, जाहिरातीला पैसा नसतो, ओळखीचा पत्रकार नसतो. मग गेमच्या वतीनं गिऱ्हाइकाशी बोलणारं कोण उरतं? ते चित्र. गिऱ्हाईक यादी सरकवत जातो, एका चित्रावर जेमतेम एक सेकंद थांबतो. तिथं बोट थांबलं नाही तर पुढचा ट्रेलर, वर्णन, डेमो, दोन वर्षांची मेहनत, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आता हे चित्र दिसतं केवढं? इथंच बहुतेकांची गफलत होते. आपण चित्र मोठ्या मॉनिटरवर, पूर्ण पडद्यावर उघडून बघतो आणि खूश होतो. स्टीम आपल्याकडून एकाच कव्हरचे चार-पाच आकार मागतं, त्यांना ते कॅप्सूल म्हणतात. पानाच्या वरचं ९२० × ४३०, छोटं कॅप्सूल ४६२ × १७४, पहिल्या पानासाठी १२३२ × ७०६, उभं ७४८ × ८९६ आणि खरेदीनंतर लायब्ररीत दिसणारं ६०० × ९००. हे फाइलचे आकार झाले. प्रत्यक्ष पडद्यावर छोटं कॅप्सूल काही याद्यांमध्ये १२० × ४५ पिक्सेल एवढंच उरतं. म्हणजे करंगळीच्या पेराएवढं. गूगल प्लेवर ५१२ × ५१२ चा आयकॉन देतो, तो फोनवर नखाएवढा दिसतो. तेव्हा कव्हर करायला बसलात की पहिल्या दिवसापासून शेजारी १२० × ४५ ची एक खिडकी उघडी ठेवा. मोठं चित्र शेवटी सुधारता येतं. छोटं चित्र शेवटी सुधारता येत नाही, कारण त्याची मांडणीच वेगळी असते.

हा प्रश्न नवा आहे असं समजू नका. आपल्या भाषेत तो फार पूर्वी सोडवलेला आहे. वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान आठवा. काळं-पांढरं, एकेका नाटकाला दोन बोटं रुंद जागा, शेजारी आणखी वीस नाटकं. चित्राला जागाच नाही. अशा जागेत कमल शेडगे यांनी काही दशकं नाटकांची नावं रेखाटली. २०२० साली ते गेले. त्यांच्या अक्षरांकडं बघितलं की नाव वाचायच्या आधी कळायचं, हे हसवणारं नाटक आहे, हे घरगुती भांडणाचं, हे ऐतिहासिक. नाव आणि जातकुळी एकाच फटक्यात. छोट्या कॅप्सूलला नेमकं हेच करायचं असतं. गेमच्या कव्हरवर इंग्रजीत भरपूर व्हिडिओ आहेत, तेही बघा. पण आधी जुन्या वर्तमानपत्रांतलं ते पान शोधून काढा आणि अर्धा तास नुसतं बघत बसा.

दुसरी गोष्ट दिवाळी अंकांच्या स्टॉलची. दोरीला चिमटे लावून चाळीस-पन्नास अंक टांगलेले. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांचं मुखपृष्ठ रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायचं, कारण बहुतेक वेळा एकच आकृती, तिच्यामागं मोकळी जागा आणि ठरलेले दोन-तीन रंग. दुकानातलं पान म्हणजे हाच स्टॉल. तुमचं कव्हर एकटं कधीच दिसत नाही. ते कायम दुसऱ्यांच्या गर्दीत दिसतं.

आता आपल्या रस्त्यावर या. नांदेडला काय आणि लातूरला काय, चौकाचौकात फ्लेक्स. वाढदिवसाचा फ्लेक्स: मधे भाऊ, वर नेते, खाली तीस-चाळीस शुभेच्छुकांचे गोल फोटो. लातूरला क्लासेसचे फ्लेक्स: सरांचा फोटो, खाली गुणवंतांच्या रांगा, प्रत्येकाखाली मार्क. आम्ही या कामाला नावं ठेवत नाही. फ्लेक्स करणाऱ्या पोरांचा हात साफ असतो, देवनागरी अक्षरं त्यांना उत्तम बसवता येतात आणि एका रात्रीत काम देतात. शिवाय फ्लेक्सचा हेतूच असा आहे की प्रत्येकाला त्यावर आपला चेहरा सापडला पाहिजे. गेमच्या कव्हरचा हेतू उलटा. तिथं ज्याला तुम्ही ओळखत नाही आणि जो तुम्हाला ओळखत नाही, त्याला एका गोष्टीवर थांबवायचं आहे. गेममधली पाच पात्रं, तीन शत्रू, किल्ला, चंद्र आणि घोडा हे सगळं एका कव्हरवर घातलं की १२० × ४५ मध्ये त्याचा फक्त चिवडा होतो. एक गोष्ट निवडा. बाकीच्यांसाठी खाली स्क्रीनशॉट आहेतच.

कुठली गोष्ट निवडायची? इथं आमचं मत ठाम आहे. 'गेमची कथा काय' हे कव्हरनं सांगायची गरज नाही. 'या गेममध्ये मी काय करणार' हे सांगायला पाहिजे. खेळणारा पळणार आहे, बांधणार आहे, लढणार आहे, कोडं सोडवणार आहे की निवांत शेती करणार आहे? बघणारा आपल्या आवडीचा प्रकार शोधत असतो. कोड्यांच्या गेमवर तलवार घेतलेला वीर काढला तर तलवारवाले येतील, निराश होऊन जातील, आणि कोडीवाले थांबणारच नाहीत. दोन्हीकडून नुकसान. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. फसलेलं गिऱ्हाईक ते मागतं, वर वाईट अभिप्रायही लिहून जातं.

इथं कुणी म्हणेल, थोडी फसवणूक तर आपल्या 'आवाज' दिवाळी अंकानंही केली. त्यातली खिडकीचित्रं प्रसिद्ध आहेत. खिडकीतून दिसतं एक आणि पान उलटलं की निघतं भलतंच. खरं आहे. पण तिथं वाचकाला माहीत होतं की आपल्याला गंडवणार आहेत. त्या गंडवण्यासाठीच तो अंक घ्यायचा. गंमत हाच तिथला माल होता, आणि तो कबूल केल्याप्रमाणे मिळत होता.

आता या सगळ्यात आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग. नाव. आणि ते कोणत्या लिपीत.

देवनागरीची रचना लक्षात घ्या. रोमन मोठी अक्षरं म्हणजे एका उंचीचे ठोकळे. वर-खाली काही नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. ४५ पिक्सेल उंचीच्या कॅप्सूलमध्ये वर-खाली सहा-सहा पिक्सेल मोकळे सोडले तर ३३ उरतात. रोमन अक्षर ते ३३ च्या ३३ वापरतं. देवनागरीत वरची मात्रा आणि खालचा उकार यांना साधारण एकेक चतुर्थांश दिला की अक्षराच्या अंगाला सोळा-सतराच उरतात. म्हणजे एकाच जागेत मराठी नाव जवळजवळ निम्म्या आकाराचं दिसतं. त्यात नाव दोन ओळींचं असेल तर विषयच संपला. 'स्वातंत्र्य' हा शब्द त्या आकारात नुसता डाग दिसेल.

मग मराठी नाव द्यायचंच नाही का? द्यायचं. पण नाव ठरवतानाच हे गणित करायचं. ज्या शब्दाला वर आणि खाली दोन्हीकडं चिन्हं आहेत, तो महाग पडतो. एकाच बाजूला असतील तर परवडतो. अजिबात नसतील, जसं 'गड', 'वनवास', 'पळस', तर उत्तम. आणि छापाचा फाँट नुसता टाइप करून ठेवू नका. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मोदक' आणि 'बलू' हे जाड देवनागरी फाँट मोफत मिळतात, सुरुवात तिथून करा, पण नंतर अक्षरं हातानं घडवा. वेलांटी आखूड करा, मात्रा जाड करा, उकार अक्षराच्या पोटात ओढून घ्या. छोट्या आकारात बारीक रेषा आधी मरते. जाड-बारीक रेषांचं सुंदर वळण मोठ्या पोस्टरवर शोभतं, कॅप्सूलमध्ये ते अक्षर तुटल्यासारखं दिसतं.

आणखी एक. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी टाइप करताना 'वर्ल्ड-रेडी लेआउट' चालू नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. परदेशातल्या चित्रकाराकडून काम करून घेत असाल तर त्याला हे कळणारही नाही. त्याला मजकूर पाठवू नका, तयार अक्षरांचं चित्र पाठवा.

रोमनचा मुद्दाही टाळता येत नाही. स्टीमच्या स्वतःच्या इंटरफेसमध्ये मराठी भाषा नाही, त्यामुळं नायगावचा मुलगा आणि नॉर्वेचा मुलगा, दोघंही बहुधा तेच इंग्रजी दुकान बघतात. आमचा सल्ला असा: सगळ्यात छोट्या कॅप्सूलवर एकच लिपी ठेवा आणि स्टीमवर ती रोमन ठेवा. मोठ्या आणि उभ्या चित्रांवर दोन्ही लिप्या चालतील, एक मोठी, एक लहान. समसमान कधीच नको. गूगल प्लेवर मात्र मराठीसाठी वेगळं पान, वेगळी चित्रं देता येतात. तिथं बिनधास्त देवनागरी वापरा.

पण एक अट. कव्हरवर मराठी अक्षर असेल तर आत मराठी मिळाली पाहिजे. बऱ्याच इंजिनांमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट बसवायला कष्ट पडतात. गोडो ४ मध्ये ती सोय आहे, युनिटीच्या जुन्या आवृत्त्यांत बाहेरून काहीतरी जोडावं लागायचं. म्हणून कंटाळून आतला मजकूर इंग्रजी ठेवला आणि कव्हरवर मात्र झोकात देवनागरी, असं केलं तर मराठी खेळाडूला ते बरोबर लागतं.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० साली आला, १८ ऑगस्टला निन्टेंडो स्विचवर आणि १५ ऑक्टोबरला बाकीच्या ठिकाणी. राजी ही मुलगी, हातात त्रिशूळ, भावाला शोधायला निघालेली. चित्रशैलीत पहाडी लघुचित्रांचा प्रभाव, वास्तू राजस्थानी वळणाच्या. आपल्या विषयापुरतं नावाकडं बघा. 'राजी' रोमनमध्ये फक्त चार अक्षरं, म्हणजे छोट्या जागेतही ठसठशीत. पण ब्राझीलमधल्या माणसाला 'राजी' म्हणजे काय ते कळणार नाही. ते काम उपशीर्षक करतं: हे पुराणकथेसारखं काही आहे, मोठा पट आहे. नाव छोटं आणि आपलं, उपशीर्षक सगळ्यांना कळणारं. ही जोडी आम्हाला फार उपयोगी वाटते. अलीकडचं दुसरं उदाहरण 'वेनबा'. टोरांटोतल्या एका छोट्या चमूनं २०२३ साली केलेला, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा आणि त्यांच्या स्वयंपाकाचा गेम. शब्द तमिळ, एकच, आणि उपशीर्षक नाही. तिथं सगळा भार चित्रावर येतो. दोन्ही वाटा चालतात, फक्त कोणती धरली आहे ते ठरवून धरा.

आता एक कव्हर आपण इथंच, कागदावर करून बघू. गेम काल्पनिक आहे, विषय नाही.

लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा सांगायला नको. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. समजा यावर गेम करायचा आहे. खेळाडूकडं एक गल्ली आहे, चाळीस घरं आहेत. टँकर केव्हा येईल माहीत नाही. कुणाला किती घागरी द्यायच्या, आजारी माणसाला आधी की लहान लेकरू असलेल्या घराला, साठवायचं किती, हे रोज ठरवायचं. थोडक्यात, नियोजनाचा गेम.

पहिलं सुचणारं चित्र: भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावून आभाळाकडं बघणारा शेतकरी. हे चित्र इतक्या वेळा वापरलं गेलंय की डोळा त्यावर थांबतच नाही. शिवाय ते माहितीपटाचं चित्र आहे. त्यात 'मी काय करणार' याचं उत्तर नाही. बघणाऱ्याला वाईट वाटेल आणि तो पुढं जाईल.

दुसरं: पाण्याची रेल्वे. ऐतिहासिक, भव्य. पण छोटं केलं की आडवी काळी रेघ. आणि वाईट म्हणजे, रेल्वे चालवायच्या गेमची आवड असलेले लोक त्यावर येतील.

तिसरं: घागरी. प्लॅस्टिकच्या, भगव्या, हिरव्या, निळ्या, पिवळ्या. माणूस उन्हात उभा राहात नाही, घागर राहते. रांगेत जागा धरायला घागर ठेवायची, याला आपण 'नंबर लावणं' म्हणतो. वरून बघितलेली घागरींची वळत गेलेली रांग, टोकाला एक नळ, आणि रांगेतली एक घागर उचलणारा हात. मागं फक्त मातीचा रंग. हे चित्र १२० × ४५ मध्येही ठिपक्यांची रंगीत रांग म्हणून टिकतं. रांग म्हणजे क्रम लावणं, हात म्हणजे ते तू लावायचंस. दुष्काळ न दाखवता दुष्काळ आला.

नावही तिथंच मिळालं: 'नंबर'. देवनागरीत तीन अक्षरं, खाली काही नाही, वर फक्त अनुस्वार. शिरोरेषा म्हणजे पाण्याचा पाइप करा, आणि 'नं' वरचा अनुस्वार म्हणजे पाइपवरची नळाची चावी. अक्षर वाचता येतं आणि विषयही कळतो. पण रोमनमध्ये हेच नाव लिहिलं तर बाहेरच्या माणसाला अंकगणिताचा गेम वाटणार. म्हणजे उपशीर्षक आलं: 'लातूर, २०१६' किंवा इंग्रजीत 'पाण्याची रांग' या अर्थाचं काही. आम्हाला दुसरं जास्त पटतं. शहराचं नाव आपल्याला हलवतं, लांबच्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. लातूरच्या सभेत यावर वाद झाला. एका मुलीचं म्हणणं होतं की गावाचं नाव कव्हरवर असलंच पाहिजे, नाहीतर ती कुठलीही रांग होते. तिचाही मुद्दा खरा आहे. लायब्ररीतलं ६०० × ९०० चं उभं चित्र खरेदीनंतर दिसतं. तिथं विकायची घाई नसते. गावाचं नाव तिथं नक्की घाला.

चित्रकाराकडून फाइल घेताना थर वेगळे मागा. हात वेगळा, घागरी वेगळ्या, जमीन वेगळी, नाव पारदर्शक पीएनजीमध्ये वेगळं. कारण आडवं चित्र कापून उभं होत नाही, घागरींची रांग नव्यानं वळवावी लागते. थर एकत्र करून आलेली जेपीजी घेतली की पुढच्या प्रत्येक आकाराला पुन्हा पैसे.

तपासायचं कसं, ते पटकन सांगतो. तुमच्या प्रकारातल्या दहा गेमची कव्हरं एका पानावर लावा, मधे तुमचं घुसवा, रंग काढून सगळं करडं करा. नाव अजून वाचता येतंय? आकृती मागच्या रंगात बुडाली का? मग ते पान घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला गेममधलं काही कळत नाही, एक सेकंद दाखवून बंद करा आणि विचारा, यात काय करायचं असेल? 'छान आहे' हे उत्तर निरुपयोगी. 'पाणी वाटायचं असेल' हे उत्तर पाहिजे. गूगल प्लेमध्ये दोन चित्रं अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवून तुलना करायची सोय आहे. स्टीमवर तशी नाही, पण किती जणांना चित्र दिसलं आणि किती जण पानावर आले हे आकडे मिळतात. चित्र बदलल्यावर दोन-तीन आठवडे थांबून ते बघा. त्याच काळात सवलत लावू नका, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

नियम थोडक्यात. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर फक्त गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक चालतं. अभिप्रायांचे तारे, पुरस्कारांची चिन्हं, '५० टक्के सूट' असलं काही चालत नाही. मोठा अपडेट आला तर त्याचं नाव असलेलं वेगळं चित्र महिनाभरापुरतं लावता येतं. लायब्ररीतल्या रुंद पार्श्वचित्रावर मजकूर अजिबात नको. फ्लेक्सची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण खरं सांगायचं तर या नियमानं छोट्यांचा फायदाच झाला. पुरस्कारांच्या माळा मोठ्यांकडंच होत्या.

आता प्रश्न.

नांदेडला एकानं विचारलं, "सर, चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत. एआयवर काढलं तर चालतंय का?" दुकान बंदी घालत नाही. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर गेममध्ये एआयनं बनवलेलं काही असेल तर ते जाहीर करावं लागतं आणि ती माहिती पानावर दिसते. अनेक खेळाडू ती वाचून निघून जातात, हे गृहीत धरा. आमची अडचण वेगळी आहे. घागरींची रांग एआयला सांगितली तर तो बहुधा सुंदर मातीची मडकी काढेल, कारण त्यानं भारत म्हणून तेच पाहिलं आहे. प्लॅस्टिकची भगवी घागर तुम्ही पाहिली आहे. पैसे नसतील तर मोबाइलवर खऱ्या घागरींचा फोटो काढा, त्यावरून चार सपाट रंगांत चित्र करा. साधं कव्हर स्वस्त दिसतं असं नाही. गोंधळलेलं कव्हर स्वस्त दिसतं.

लातूरला दुसरा प्रश्न आला, किल्लारीच्या भूकंपावर भयकथेचा गेम करता येईल का आणि कव्हरवर पडलेलं गाव दाखवावं का. गेम करा की नको हे आम्ही कोण सांगणार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरातली माणसं गेलेले लोक आजही इथं आहेत, त्यांची नातवंडं फोनवर गेम खेळतात. आत, तासाभराच्या खेळात, एखाद्या गोष्टीला संदर्भ देता येतो, थांबता येतं. कव्हरला संदर्भ नसतो. ते सवलतीच्या यादीत, पत्त्यांच्या गेमशेजारी, 'विकत घ्या' या बटनासकट दिसतं. पडलेलं घर आणि त्यात भूत, हे चित्र तिथं लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बंद दार, विझलेला कंदील, रिकामी बाज, यातूनही भीती विकता येते.

शेवटचा प्रश्न कराराचा होता. मित्रानं चित्र काढलं, तोंडी ठरलं, पुरे ना? नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी पाहिजेत. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा गेम पहिल्या दिवसापासून जगभर विकला जाणार आहे आणि सहाव्या वर्षीही विकला जावा अशी तुमची इच्छा असणार. म्हणून एका पानावर लिहा: कोणतं चित्र, थरांसकट फाइल, किती पैसे, कॉपीराइटची पूर्ण मुदत, सर्व जगासाठी, आणि चित्रकाराचं नाव गेमच्या श्रेयनामावलीत येईल. दोघांच्या सह्या, तारीख, आणि एकेक प्रत दोघांकडं.